हरमलच्या घरातली माटोळी

अरे, चहा राहू दे, आधी आज काय झालं ते ऐक! हरमलला घर बघायला गेलो होतो. गणित पक्कं होतं: कर्ज काढून घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, पर्यटकांना चार खोल्या भाड्याने द्यायच्या, मग वाढलेल्या किमतीवर नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. पण या घरात हॉल सोडून तीनच खोल्या, आणि तीन खोल्यांत हे जमत नाही.

घरमालक बाबलोकाका सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवतात. मी म्हटलं, "काका, या हॉलमध्ये भिंत घालून चौथी खोली करतो."

"कर रे बाबा. पूण ही वरची माटोळीची चौकट काढू नको, खाली भिंतही नको. चवथीला आमचो गणपती हंयच बसता. पाच दिवस आम्ही येणार."

गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायच्या त्या लाकडी चौकटीला गेल्या चवथीची सुकलेली सुपारी अजून लटकत होती. आमचं डिचोलीचं घर विकल्यापासून आमचा गणपती पणजीच्या फ्लॅटात शोकेसवर बसतो आणि वर असतो पंखा. फळं बांधणार कुठे?

मी हो म्हणून बसलो! वर म्हटलं, "काका, चवथीला मलाही बोलवा."

"अरे, घर तुझं! तूच आम्हाला बोलवायचं."

चौथी खोली गेली, गणित बसत नाही, तरी उद्या विसार द्यायला निघालोय. तू काय केलं असतंस?