जोडीतला दुसरा

अकोल्याहून सुटलेल्या एसटीत शालूच्या पुढच्या सीटवर एक म्हातारा आणि त्याच्याच गावची एक बाई बसले होते. शालूने डोळे मिटले होते, पण कान काही मिटत नव्हते.

"देवमनभाऊ, बैलाची सरकारी मदत झाली का मंजूर?"

"नाई. पंचनाम्याच्या फोटूत मेल्या बैलाचं तोंड दिसत नाई म्हणते."

"काहून?"

"वीज पडून मेला ना तो. डोये उघडेच राह्यले होते, इंदूबाई. मी आपला दुपट्टा टाकला तोंडावर. फोटू मंग निघाला."

"आता तं पुरला असन त्याले."

"पुरला. कचेरीबाहेर एक जण मले म्हणे, जोडीतला दुसरा तसाच दिसते ना? त्याले निजवा अन् काढा फोटू."

"मंग काढून टाका! दोघायच्याही कपायावर पांढरा चांद हाये. कोणाले समजते?"

कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. म्हाताऱ्याने तिकिटाची घडी करून खिशात ठेवली.

"काढाले काई नाई, बाई. पाठीवर हात ठेवला का निजते तो. मी म्हटलं तं डोयेही मिटन."

"मंग?"

"म्हणूनच नाई म्हणत त्याले."