साठ झोक्यांची मोटर

मोटर दुरुस्तीच्या दुकानात माझा पंखा मांडीवर घेऊन मी तासभर ताटकळले होते. नंबर माझाच होता. पण मधे घुसलेल्या बाईने सासऱ्यांचं परदेशातून आलेलं प्राणवायूचं मशीन टेबलावर ठेवलं, म्हणून मी तोंड आवरलं.

“ट्रान्सफॉर्मर लावलाय हो मिस्त्री, तरी तापतं.”

“त्याने नुसतं व्होल्टेज उतरतं, ताई. तिकडची वीज सेकंदाला साठ झोके घेते, इथली पन्नास. मोटर हळू फिरते, तापते, हवाही कमी ओढते.”

“तरीच बाबांना धाप लागते! आम्ही आपलं ओलं फडकं टाकतोय वर.”

“विजेच्या मशीनवर? धन्य आहात!”

“मग झोके वाढवा की.”

“ते ट्रान्सफॉर्मरचं काम नाही. इथल्या विजेवरचं मशीन आणा, आजच्या आज.”

“भाड्याने आणलंय, दारात पडलंय. बाबा हात लावू देत नाहीत. परदेशातून थोरल्याने पाठवलंय तेच चालवा म्हणतात.”

“आत्ता कशावर आहेत?”

“सिलिंडरवर. चारपर्यंत पुरेल.”

“अहो, तीन वाजून गेले!”

“थांबा, थोरल्या दिरांनाच फोन लावते. भाऊजी, बाबांना आत्ता फोन करा. म्हणावं, तुमच्या मित्राच्या वडिलांना ते मशीन हवंय, परत पाठवा. आणि तोवर दारातलं लावून घ्या. हो, खोटंच सांगा, तुमचं ऐकतील. आणि भाऊजी, मशीन चुकीचं आलं असं मात्र म्हणू नका. पाहुण्यांना दाखवून दाखवून थकत नाहीत ते.”