केस धरलेला कैदी

काचेले हात नोका लावू भाऊ — रागावलो नाई, पन ह्या काचा माह्याच हातच्या, कमरुद्दीन काचवाला म्हना, चंद्रपुरात कोनीबी सांगन. हे प्रदर्शन समजावून सांगनारी स्वाती मॅडम जेवाले गेली, म्हनून राखन कराले मी. हे अ‍ॅझटेक लोक — तिकडं मेक्सिकोत राज होतं यायचं. तो पिसांचा मुकुट पाहा — पिसं कोनाची? जिंकलेल्या मुलखाची! पिसं द्या, कापड द्या, आन् मंग मानसंबी द्या, देवापुढं कापाले. हा काळा सुरा त्याच्याचसाठी — नक्कल आहे, खरा नाई.

पन तुमी मुकुट सोडून याच चित्रापाशी काऊन थांबले? शिपायानं केस धरले म्हंजे मानूस कैद झाला, असा मतलब आहे म्हने. आमचा लालसू काल इथीच उभा होता, घामानं भिजून गेल्ता. म्हने, "चाचा, आमच्याकडंबी घरामांगं एक मानूस मांगते." कोन मांगते? आता जंगलातले बंदूकवाले, अजून कोन! याच्या भावाले नेलं, तो परत आलाच नाई. मंग याले बलावलं. यानं भर गावासमोर सांगितलं — नाई येत! छाती पाहा त्याची! जीव घेऊन पळाला, आता माह्याकडं काच कापते. कुठी राह्यते? दुकानाच्या मांगंच खोली आहे ना. माही शमसुन्निसा पोटच्या लेकासारखी जेवू घालते त्याले. आज ती गेली माहेरी, बिचारा एकलाच आहे दुकानात.

हो, हो, धानोऱ्याकडचाच. तुमीबी तिकडचे? अरे वा! काय म्हनता — पोचूचा लहान भाऊ?

...भाऊ, मी त्याच्या नेलेल्या भावाचं, पोचूचं, नाव नोतं घेतलं.

नाई, बसा. बसा म्हनलं ना! दाराले कुलूप मी आत्ताच लावलं, चाबी माह्या खिशात आहे. पिशवीत हात काऊन घालता? घाला. म्हातारा आहो मी, मले काय कराचं ते करा, पन हा हॉलचा फोन मी सोडत नाई — हॅलो, लालसू? चाचा बोलून राह्यलो. काच तशीच ठेव, मांगच्या दारानं निघ. आत्ता. कुठी जातं — नाई, मले नोको सांगू. मलेबी नोको सांगू.