शॉवरच्या ट्रेलरची मालकी

ट्रेलरला टोइंगची साखळी लावली तेव्हा रोस्को आत अंघोळ करत होता. त्याच्या डोक्याला साबण होता.

मी व्हर्लीन टिसडेल, वय ६१, पूर्वी शाळेची बस चालवत होते, आता निवृत्त, राहणार टोलीडो, ओहायो. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असे.

दर गुरुवारी मी चर्चच्या पार्किंगमध्ये शॉवरचा ट्रेलर लावते. रस्त्यावर राहणारी माणसे तिथे अंघोळ करतात. ट्रेलरवर आमच्या कामाचे नाव रंगवले आहे, 'कोमट पाणी'. समोर राहणाऱ्या गृहस्थांनी हे नाव राज्याच्या धर्मादाय संस्थांच्या यादीत शोधले. ते सापडले नाही. त्यांनी पोलिसांना फोन केला.

ऑफिसर कोवाल्चिक यांनी ट्रेलर कोणाचा, असे विचारले. मी म्हणाले, "आमचा." कागदांवर ब्रायरवुड फाउंडेशनचे नाव निघाले.

"आमचा म्हणजे कोणाचा, मॅडम?"

मी ब्रायरवुडला फोन लावला. ट्रेलर चोरीचा असावा अशा संशयाने ऑफिसरांनी टोइंगवाल्याला बोलावले.

रोस्को आतून ओरडला, "मिस व्हर्लीन, पाणी बंद करू नका! आणि साहेब, नेताच आहात तर मला घरी सोडा. घर तेवढं तुम्ही शोधा."

टोइंगवाला हसला. ऑफिसर हसले नाहीत. ट्रेलर गेला असता तर दुसरा मिळणार नव्हता. थंडी सुरू झाली आहे.

तेवढ्यात ब्रायरवुडच्या जनीन फेरारो पोचल्या. त्यांनी सांगितले, की 'कोमट पाणी'वाले आम्ही चारच जण आहोत, स्वतंत्र संस्था चालवणे आम्हाला झेपत नाही, म्हणून आमचे काम त्यांच्या नोंदणीखाली चालते. देणग्या त्यांच्याकडे जमा होतात. पावत्या, विमा आणि हिशेब फाउंडेशन बघते आणि त्याबद्दल देणग्यांतला थोडा वाटा ठेवते. ट्रेलरही त्यामुळेच त्यांच्या नावावर आहे.

"मग ह्या बाई कोण?" ऑफिसरांनी विचारले.

"आमच्याच. यादीत आमचं नाव बघा. त्या त्यातच आल्या."

ऑफिसरांनी गाडीतल्या संगणकावर पाहिले. मग टोइंगवाल्याला म्हणाले, "काढ रे साखळी." मी पायरीवर बसले. माझ्या हातातला टॉवेल जनीनबाईंनी घेतला आणि दारातून आत दिला.

"झालं का भांडण?" रोस्कोने विचारले.

"झालं. कान धू," मी म्हणाले.

समोरच्या गृहस्थांविरुद्ध माझी तक्रार नाही. ट्रेलरला साखळीचा ओरखडा आला आहे, त्याबद्दलही नाही.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी 'माझा ट्रेलर' असे लिहिले होते, ते मी बदलायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे.

नोंद : दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर त्याच जागी लावण्यात आला. आदल्या दिवशी या गोंधळात राहून गेलेल्या तिघांच्या अंघोळी झाल्या.