व्हरांड्यातली अठरा कपाटं

थोडक्यात बोला, असं मला सांगू नका. आधीचे साहेब पंचवीस मिनिटं बोलले, त्यातली वीस मिनिटं ते अमेरिकेला कसे पोचले तेच सांगण्यात गेली. त्यांना कुणी चिठ्ठी पाठवली नाही. त्यांच्या आधीचे साहेब कुठल्याशा विद्यापीठाचे कुलगुरू आहेत, त्यांनी स्वतःच्या तीन पुस्तकांची नावं सांगितली. त्यांनाही चिठ्ठी नाही. मी माईकला हात लावला आणि लगेच चिठ्ठी आली. मला वाचायला वेळ लागतो. तोवर बोलते.

मंडळी, रागावू नका. आणि रागवायचं असलं तर रागवा. हेरवाडेसर गेले त्याला आज पाचवा दिवस. समोर आक्का बसल्या आहेत, सरांच्या मिसेस. त्यांच्याकडं बघून माझ्यानं बोलवत नाही. म्हणून मी स्टेजवरच्या खुर्च्यांकडं बघून बोलते. या खुर्च्यांवर सगळे नामवंत आहेत, असं मघाशी तीनदा सांगून झालं.

मी इंदूबाई सुतार. गारगोटीजवळच्या खेड्यातली. चौथी नापास. बॉटनी डिपार्टमेंटात एकतीस वर्षं रोजंदारीवर आहे. काम काय? सर डोंगरात झाडं गोळा करायला जायचे, मी मागनं जुन्या पेपरांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन. फांदी कापायची, पान आणि फूल नीट पसरून पेपरात ठेवायचं, वर दुसरा पेपर, वर फळी, आणि दोरीनं आवळायचं. पेपराच्या कडेला सर नंबर आणि गावाचं नाव घालायचे. दुसऱ्या दिवशी पेपर बदलायचे, तिसऱ्या दिवशी परत. नाही बदलले तर बुरशी. झाड वाळलं की किडीचं औषध लावायचं आणि जाड कागदावर दोऱ्यानं टाचायचं. टाचायचं काम माझं. खाली चिठ्ठी, झाड कुठं सापडलं, कुणी आणलं. सरांच्या नावाखाली माझं नाव असायचं.

मी एकदा म्हटलं, "सर, माझं कशाला? मी नुसता बोजा उचलती."

सर म्हणाले, "इंदूबाई, निम्मी झाडं तुम्हाला आधी दिसतात, मला मागनं. खोटं लिहू काय?"

अशी अठरा कपाटं भरली. मंडळी, एक लक्षात घ्या. पुस्तक हरवलं तर दुसरं विकत मिळतं. त्या कपाटातला कागद गेला की गेला. त्यातली कितीतरी झाडं जिथं सापडली तिथं आता घरं आहेत, खाणी आहेत. झाड त्या कागदावर आहे, दुसरीकडं कुठंही नाही.

आणि हे खुर्च्यांवरचे साहेब त्या कपाटांतूनच वर आले. विलासराव, तुम्ही आज बियाण्यांच्या संस्थेचे डायरेक्टर. ओले पेपर बदलायला सांगितले की तुम्हाला शिंका सुटायच्या. "मावशी, तेवढं माझं बदला की," म्हणायचात. बदललं मी. कुलगुरूसाहेब, तुमची पीएचडी सात नंबरच्या कपाटावर झाली. दुपारी त्याच कपाटाला टेकून घोरायचात, आणि सर म्हणायचे, "झोपू दे, पोरगा गावाकडनं सायकलीवर येतो." खाली बघू नका. चांगलंच सांगते आहे मी.

सर रिटायर झाले आणि सहाव्या महिन्यात कपाटं व्हरांड्यात आली. खोलीत कॉम्प्युटर बसवले. बसवा की. पोरांना शिकायला पाहिजेत, मी काय अडाणी असले तरी एवढी अडाणी नाही. पण कपाटं पश्चिमेच्या व्हरांड्यात? पाऊस तिकडनंच तिरका येतो. सर म्हणाले, "चार महिन्यांची सोय आहे इंदूबाई." त्या चार महिन्यांची चार वर्षं झाली. सर रोज यायचे, बिनपगारी, व्हरांड्यात स्टूल टाकून बसायचे, गार वारं सुटलं की मफलर गुंडाळायचे. त्यांनी नऊ अर्ज दिले. नऊच्या नऊ मीच ऑफिसात नेऊन दिले. एकदा तिथला क्लार्क मला म्हणाला, "मावशी, वाळला पालाच हाय न्हवं त्यो?"

मी म्हटलं, "व्हय. आणि तुझी पदवी बी कागूदच हाय न्हवं?"

त्या दिवसापासून तो आमचा अर्ज सगळ्यात खाली ठेवायला लागला. ठेवू दे.

आता जे सांगते ते नीट ऐका. गेल्या दिवाळीनंतर विद्यापीठ तपासायला समिती यायची होती. आवराआवर सुरू झाली. कुंड्यांना गेरू लागला. मी दोन दिवस हातकणंगल्याला भाचीच्या लग्नाला गेले. कपाटावर चार गठ्ठे होते, सरांच्या शेवटच्या फिरतीचे. टाचायचे राहिले होते, म्हणजे झाडं अजून पेपरातच होती. बाहेरनं बघणाऱ्याला काय दिसणार? जुने पेपर. कुणीतरी म्हणालं, ही रद्दी काढा. काढली आणि विकली.

त्या गठ्ठ्यांत एक झाड होतं. बोटाएवढं, निळसर फुलाचं. भुदरगडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पावसात पंधरा दिवस येतं आणि जातं. सर सात वर्षं त्याच्या मागं होते. कुठल्याच पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. सड्यावर ते सापडलं तेव्हा सर चिखलात मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "हळू बोला." जसं काय ते उठून पळणार होतं.

लग्नाहून आल्यावर शिपायाकडनं कळलं, तशी मी मंगळवार पेठेत रद्दीच्या दुकानात गेले. इस्माईलभाईंचं दुकान. माणूस भला. त्यांना गठ्ठे लगेच आठवले. म्हणाले, "मावशी, तुमची विद्यापीठाची माणसं लबाड निघाली की. वजन वाढवायला पेपरात पालापाचोळा भरला हुता. झाडून झाडून माझी कंबर गेली."

"पाला कुठं हाय?"

"मागं टाकला."

मागं गेले. मागं शेळी बांधली होती.

"हिनं खाल्ला?"

"खाल्ला की. चवीनं खाल्ला."

हसा मंडळी. दुसऱ्याचं असतं तर मी पण हसले असते. मग मी इस्माईलभाईंना सांगितलं ते काय होतं. तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसला, डोक्याला हात लावून. "या अल्ला. मावशी, आदी सांगायचं न्हाय व्हय?" ज्यानं नुसती रद्दी घेतली त्याला वाईट वाटलं. ज्यांनी ती दिली, त्यांच्यातलं कोण सरांच्या घरी आलं? एक नाव सांगा. मी थांबते.

नाही ना?

सरांना सांगायला मीच गेले. दारातच सांगून टाकलं. सरांनी विचारलं, "शेळीला काही झालं नाही ना?" आमचं औषध विषारी असतं, म्हणून. मी म्हटलं, "औषध लावायचं ऱ्हायलंच हुतं सर." "मग बरं," म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस जेवले नाहीत. आक्का समोर आहेत, त्यांना विचारा.

यात माझी चूक आहे. गावाला जाताना मी त्या गठ्ठ्यांवर एक कागद लावायला पाहिजे होता, हात लावू नका म्हणून. नीट लिहिता येत नव्हतं तर कुणाकडनं लिहून घ्यायचं होतं. लग्नाची घाई होती, एसटी चुकेल म्हणून गेले. ती चूक मी मरेपर्यंत वागवीन. पण मी माझी सांगितली. तुम्ही तुमची सांगा.

परवा आक्कांच्या घरी दोन साहेब आले. विद्यापीठाचं मोठं पुस्तक निघणार आहे म्हणे, नामवंत माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक. सरांचा रंगीत फोटो द्या, माहिती द्या, पूर्ण पान देतो. आक्का बोलतात कमी. त्यांनी चहा दिला आणि एवढंच विचारलं, "कपाटं आत घेणार काय?"

त्यातले एक साहेब म्हणाले, "आक्का, ते दुसऱ्या समितीकडं येतं."

फोटो एका समितीकडं, कपाटं दुसऱ्या समितीकडं. सर मात्र एकटेच होते. आक्कांनी फोटो दिला नाही. मीच म्हटलं, देऊ नका. कपाटं भिजत ठेवायची आणि ज्यानं ती भरली त्याला गुळगुळीत कागदावर छापायचं, हे कसलं नामवंत?

काय म्हणालात? मावशी, ही वेळ नव्हे? मग कुठली? अर्ज दिले तेव्हा वेळ नव्हती. गठ्ठे गेले तेव्हा वेळ नव्हती. आज तुम्ही सगळे एका छपराखाली आहात, असे परत कधी असणार? पुढच्या माणसाच्या शोकसभेला?

गेल्या आठवड्यात वळीव झाला. चौदा आणि पंधरा नंबरच्या कपाटांत पाणी गेलं. मी आणि शिपाई मिळून खालचे कप्पे उपसले. सर तेव्हा दवाखान्यात होते. संध्याकाळी मी भेटायला गेले तर नळी लावलेली, आवाज निघत नव्हता. तरी विचारलंच, "कपाटं कोरडी आहेत ना?"

मी म्हटलं, "व्हय सर. कोरडी हायती."

जाणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले. ज्या माणसानं चिठ्ठीवर कधी एक खोटा शब्द घातला नाही, त्याच्याशी. ते मी तुमच्यापायी बोलले.

मृग तोंडावर आला आहे. मला पुतळा नको. हॉलला नाव नको. मघाशी कुणी व्याख्यानमाला म्हणालं, ती पण नको. अठरा कपाटांना एक कोरडी खोली पाहिजे, आणि तिची किल्ली कुणाकडं राहणार त्या माणसाचं नाव पाहिजे. तोंडी नको. कागदावर, सहीनिशी. विलासराव, कुलगुरूसाहेब, तुमचा शब्द इथं चालतो. तो आज टाका. उद्या तुम्ही आपापल्या गाड्यांत बसून जाणार, हे मला ठाऊक आहे.

आता सगळ्यांनी उभं राहा. आक्का, तुम्ही बसूनच राहा. सरांसाठी दोन मिनिटं गप्प राहू या. खुर्च्यांवरच्या मंडळींनी त्या दोन मिनिटांत खोली कुठली ते ठरवावं. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आणि आक्का ऑफिसच्या दारात उत्तर घ्यायला येतो.