‘उतरायचं नाही’चं इंग्रजी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय देवव्रत लेले साहेब, व्यासपीठावरील सरपंच पूनमताई, मुख्याध्यापक, सर्व गुरुजन, दाटीवाटीने बसलेले पालक, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह आज भरलंय त्या आमच्या इंग्रजीच्या सुचित्रा गद्रेबाई, आपणा सर्वांना काशीदच्या दिपेशचा नमस्कार.

मी किनाऱ्यावर जीवरक्षक आहे. मला शिट्टी फुंकायची सवय, माइकची नाही. त्यात दहावीला इंग्रजीत काठावर पास! मग इंग्रजीच्या बाईंना निरोप द्यायला मलाच का उभं केलं, असं कोडं तुम्हाला पडलं असेल. पहिल्या रांगेतल्या तात्यांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, ते माहीत आहे. म्हणून ते आत्तापासूनच हसतायत. हसा तात्या, फजिती माझीच आहे.

कॅन, माइट, मस्ट शिकवताना बाई पुस्तक मिटून ठेवायच्या. मला विचारायच्या, "होडी काढताना तुझे बाबा काय म्हणतात रे?" मी सांगायचो, "आज मासळी गावंल, नायतर न्हाय."

"हे झालं माइट. आणि अमावास्येला उधाण?"

"त्ये येनारच!"

"मग ते विल." इतकं सोपं करून सांगितलेलं. तरी मी माती खाल्लीच.

सहा वर्षांपूर्वी आमच्या मचाणापुढे मी हौसेने पाटी रंगवली. वर मराठीत लिहिलं, ‘भरतीच्या वेळी पाण्यात उतरायचं नाही.’ बाहेरच्या पर्यटकांसाठी खाली इंग्रजीत, ‘यू डोन्ट हॅव टू एंटर द वॉटर.’ चार जणांना दाखवलं, चौघंही म्हणाले, झकास! आता मला सांगा, यात चूक कुठे आहे? नववीच्या पोरांनो, हात खाली करा, तुम्हाला माहीत असणारच.

त्याच रविवारी बेंगळुरूचा एक तरुण ऐन भरतीत आत शिरला. शिट्टी फुंकून माझे गाल दुखले. शेवटी दोर घेऊन उडी मारली आणि त्याला कसाबसा बाहेर ओढला. त्याचं खोकणं थांबल्यावर मी तापलो आणि पाटी दाखवली. तो थरथरत म्हणाला, "भैया, इसमें तो लिखा है, उतरने की ज़रूरत नहीं. मना कहाँ किया है?"

मी पाटी पुन्हा वाचली. माणूस जीवानिशी गेला असता, आणि माझ्या अक्षरामुळे गेला असता.

संध्याकाळी तसाच मुरुडला बाईंच्या घरी गेलो. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "डोन्ट हॅव टू म्हणजे सक्ती नाही. मस्ट नॉट म्हणजे मनाई. हे मी तुमच्याकडून घोकून घ्यायला हवं होतं. राहिलं ते माझ्याकडून." शिव्या परवडल्या असत्या, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बाई काशीदला हजर. मला वाटलं, स्वतः लिहितील. पण त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला. "पाटी तुझी, हात तुझा. मी नुसती उभी राहते." मी लिहिलं, ‘यू मस्ट नॉट.’ त्याखाली त्यांनी लाल रेघ मारायला लावली. तेव्हापासून दरवर्षी त्या नववीचा वर्ग पाटीपुढे आणतात, आणि तो धडा मी शिकवतो. होय, काठावर पास झालेला मी! त्या दिवशी माझी छाती किती फुगते, काय सांगू? चुकलेल्या पोराला त्याच चुकीचा मास्तर करणाऱ्या अशा बाई आमच्या शाळेला लाभल्या, याचा मला फार अभिमान आहे.

मघाशी चहा घेताना बाई हळूच म्हणाल्या, "दिपेश, उद्यापासून शाळेत यायचं नाही रे." डोळे भरून आले होते त्यांचे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी मला ही संधी दिली, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. पण बाई, तुमच्या त्या ‘यायचं नाही’चं इंग्रजी करूनच मी खाली बसणार. मस्ट नॉट नव्हे, बाई. यू डोन्ट हॅव टू कम. सक्ती संपली, मनाई नाही. पुढच्या वर्षी पाटीपुढे नववीबरोबर तुमची वाट बघतो.

तपासून बघा बाई, या वेळी वाक्य बरोबर आहे.