धवलच्या राज्यात विस्तव न्हाय

…आणि वर ती दारातली पोरगी म्हणती, "चप्पल बाहेर काढा, रबरी आहे!" अहो, काट्याकुट्याचा माळ, आणि चप्पल बाहेर? देवळात तरी एवढं सोवळं न्हाय! तुम्हाला सांगते, मी कुणाच्या मधी पडत न्हाय, पन आमच्या शेजारच्या निवेदिताचा धवल, एवढा शिकलेला, इंजिनेर, आणि दोन वर्षं एकच खूळ… लोंढ्याच्या जंगलात म्हणे राज्य वसवायचं! कुठलं राज्य? तर कुठलंच न्हाय! नकाशात न्हाय, इतिहासात न्हाय, ह्यानंच मनानं काढलंय. तीन दिवस हजार वर्षांमागच्यासारखं ऱ्हायाचं. मोबाईल न्हाय, बॅटरी न्हाय, काडेपेटी न्हाय. अरे, आमच्या गल्लीत, खासबागेत, लाईट जाती तवा आम्ही तसंच ऱ्हातो की, त्याला पुण्या-बेंगळूरास्नं चाळीस माणसं कशाला बोलवायला लागत्यात?

त्यात राजे दोन, आणि मधी चुन्यानं आखलेली सीमा! मी म्हटलं, "रं बाबा, हितं दोन राज्यांच्या सीमेपायी आमचा जन्म गेला, कोगनोळीच्या तपासणी नाक्यावर उभं ऱ्हाऊन पाय सुजले, आणि तू जंगलात जाऊन आणि एक आखतोस व्हय?"

ऱ्हाऊ दे. मी मधी पडत न्हाय. निवेदिताच म्हणाली, "आक्का, माझ्या कॉलेजात परीक्षा हायत, तुम्ही तेवढं बघून या की." म्हणून गेले हो. तर दारात ती चप्पलवाली पोरगी, चिन्मयी, हातात लाकडी भाला, माझ्या इरकल लुगड्याकडं बघत म्हणती, "आजी, काय वेश आहे! कुठून मिळवलात?" आजी! मला! म्हटलं, "मिळवायचं काय गं त्यात, कपाटातनं काढला." "आणि राज्य कुठलं तुमचं?" "खासबाग!" तर मागं वळून वरडली की, "खासबागच्या राणीसाहेब आल्या होऽ!"

आत बघते तर काय… राजे, प्रधान, दाढी चिकटवलेले सात जादूगार, सगळे सकाळधरनं उकिडवे बसून दगडावर दगड घासायलेत! ठिणगी न्हाय. डाळ-तांदूळ समोर, चूल थंड, चाळीस माणसं उपाशी. पुण्याची मंडळी म्हणायलीत, "चारपर्यंत पेटली नाही तर आम्ही निघतो हं, हायवेला ढाबा आहे." आणि धवल… दोन वर्षं रजा साठवल्या, आईचे पडदे फाडून झेंडे शिवले, तो मुकुट मांडीवर घेऊन बसलेला. डोळ्यात पाणी. लहानपणी पतंग तुटला की अस्साच बसायचा बघा.

माझ्या पिशवीत काडेपेटी होती, खोटं कशाला बोलू? हळूच दाखवली. तर म्हणतो कसा, "नको आक्का. काडी ओढली की राज्य संपलं."

मग मात्र माझं टाळकं सटकलं. "खुळ्या, जुन्या काळी माणसं रोज उठून दगड घासत होती व्हय रं? माझी आई शेजारच्या घरी जायची आणि गोवरीवर विस्तव मागून आणायची! तुझ्या राज्यात जादूगार सात, आणि शेजारीण एक बी न्हाय?"

गेले! माळ ज्याचा, त्या भरमूअण्णाचं घर पल्याडच. त्याची आई, यशोदाबाई, चुलीपुढंच बसलेली. आता विस्तव मागायला जाऊन लगेच उठायचं आसतंय व्हय? ती रीतच न्हाय. बसले. चहा झाला. नातीचं लग्न का मोडलं ते झालं, सुनेचं झालं, आणि निघाले… मधल्या वाटेत बघते तर गोवरीवर नुसती राख!

परत पळाले. अनवाणी! त्या खेपेला तोंड मिटून उभी ऱ्हायले, जन्मात पहिल्यांदा. चाराला पाच कमी आसताना चूल पेटली, आणि दोन्ही राजे सीमा तुडवत येऊन माझ्या पाया पडले. ढाब्याला निघालेली पुण्याची मंडळी पानावर बसली आणि तीन तीनदा आमटी मागून घेतली, लाज न्हाय!

आता काल धवल पुढच्या वर्षीचा कागद घेऊन आला. राज्यात नवं पद काढलंय म्हणे: शेजारीण. काम? विस्तव पुरवायचा, दोन्ही राज्यांत घरोघरी जाऊन चौकशी करायची, आणि सगळ्यांच्या मधी पडायचं. नेमणूक… जयाआक्का, खासबाग!

तुम्हीच सांगा, मी कधी कुणाच्या मधी पडते व्हय? पन राजाचा हुकूम! चाळीस जणांचे नंबर घेतलेत, बावीस जणांच्या घरचं विचारून झालंय… काय करता, पडायलाच लागतंय!